मागे बघण्याची सोय

माझ्या कामात एक वाक्य रोज म्हणावं लागतं: "ही तुमची परीक्षा नाही. आम्ही ॲप तपासतोय, तुम्हाला नाही. काही अडलं तर चूक ॲपची." अकरा वर्षं मी हे म्हणत आलोय. बँकेच्या ॲपसाठी म्हटलं, दवाखान्यात नंबर लावायच्या ॲपसाठी म्हटलं, बियाण्यांच्या दुकानासाठीही म्हटलं. पोथी वाचणाऱ्या गुरुजींचा जसा एक ठरलेला सूर असतो, तसा या वाक्याला माझा सूर लागलाय. ते खरं आहे की नाही हे तपासायची वेळ मात्र गेल्या पावसाळ्यापर्यंत आली नव्हती.

काम तसं सोपं आहे. कंपनी काहीतरी बनवते, मी ते वापरणाऱ्या माणसासमोर ठेवतो आणि तो कुठे अडतो ते लिहून काढतो. मदत करायची नाही, सुचवायचं नाही, हसायचं नाही. तीन वर्षांपूर्वी मी पुण्याहून केजला परत आलो, तेव्हा हे काम लॅपटॉपसकट बरोबर आलं. शेजारच्या निवृत्त तलाठ्यांना ते समजावून सांगायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली. शेवटी ते म्हणाले, "म्हंजे लोक चुकतेत ते बघायचा पगार हाय तुमाला." याहून नेमकी व्याख्या मी कुठल्याही पुस्तकात वाचलेली नाही.

गेल्या पावसाळ्यात कंपनीने नवं काम घेतलं. ऊसतोडणीचं मोठं यंत्र चालवायला शिकवणारं ॲप, तेही आभासी. डोळ्यांवर जाड चष्म्यासारखं यंत्र चढवायचं, दोन्ही हातांत एकेक दांडी धरायची, की माणूस अंगणातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या उसाच्या फडात पोचतो. एका कारखान्याला असे चालक हवे होते, आणि ते तोडणी कामगारांमधूनच घ्यायचे असं ठरलं होतं. ज्यांचं काम यंत्र घेणार, त्यांतल्याच थोड्यांना यंत्रावर बसवायचं, अशी ती योजना. मी फक्त ॲप तपासणार होतो. निवड नंतर, वेगळी, मुलाखती घेऊन, असं पुण्यातल्या आमच्या मॅनेजरने मला दोनदा सांगितलं.

योजनेचं उद्घाटन केजच्या मंगल कार्यालयात झालं. जिल्ह्यातले एक नेते आले. त्यांना फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला आणि मग फेट्यावरूनच तो चष्मा चढवला. तो चालू करायचा राहून गेला होता. मला माहीत होतं, कारण त्याची बॅटरी मी चार्जिंगला लावली होती आणि ती अजून तिथेच होती. नेत्यांनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली आणि माइकवर म्हणाले, "वा! काय हिरवागार ऊस हाय!" टाळ्या पडल्या. मग त्यांनी भाषण केलं आणि शेवटी हात वर करून म्हणाले, "आज मी तुम्हाला शब्द देतो! जो या चष्म्यात पास होईल, तोच मशीनवर बसंल!"

मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. न दिसणाऱ्या उसाचं कौतुक करणाऱ्या माणसाचा शब्द मी किती धरायचा? मी तो धरलाच नाही. त्या दिवशी त्या सभागृहात एकच खरं वाक्य बोललं गेलं होतं, आणि मी ते भाषणातला वारा समजून सोडून दिलं.

चाचणी 'दुरून' करायची होती. म्हणजे चष्मा, दांड्या आणि एक टॅब असलेली पेटी जीपने नांदूरघाटला जाणार, ज्याची पाळी त्याच्या अंगणात उघडणार, आणि मी केजमध्ये माझ्या खोलीत बसून लॅपटॉपवर बघणार. अर्ध्या पडद्यावर त्या माणसाला फडात काय दिसतंय ते, अर्ध्यावर टॅबच्या कॅमेऱ्यातून दिसणारं त्याचं अंगण. नांदूरघाट माझ्या घरापासून जीपने तासाच्या आत आहे. मी मॅनेजरला म्हणालो, मी जाऊनच बसतो. तो म्हणाला, "नको रे. तू समोर बसलास की लोक दबून जातात. रिमोट म्हणजे रिमोट." आमच्या कंपनीत वयाने लहानमोठे सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. समतेचं तेवढं एक काम पूर्ण झालंय.

तर मी दुरून बघितलं. म्हणजे जेवढं नेटवर्कने बघू दिलं तेवढं. वीज गेली की चित्र थांबायचं आणि यंत्र चालवणारा माणूस दोन्ही हात हवेत धरून पुतळा व्हायचा. ॲप सुरुवातीला सांगायचं, "आपल्याभोवती मोकळ्या जागेची हद्द आखा." एकाने आखलेल्या हद्दीत शेळी येऊन बसली आणि त्याने ती उठवायला नकार दिला. गाभण होती.

सगळ्यांत जड जायचं ते बोलणं. आमच्या पद्धतीत माणसाने काम करता करता मनात येईल ते मोठ्याने बोलायचं असतं.

"मनात काय चाललंय ते सांगत राहा," मी म्हणायचो.

"मनात काय न्हाई, सर."

"आत्ता ही दांडी का ओढलीत?"

"चुकलं का?"

"चुकलं नाही. का ओढलीत तेवढं सांगा."

"मग न्हाई वडत."

असे बाराजण होते. अकरा जणांनी मिळून जेवढे शब्द खर्च केले, त्याहून जास्त तलाठीबुवा सकाळी फाटक उघडताना खर्चतात.

एका गड्याचं काम मात्र लख्ख झालं. कुठे अडणं नाही, कुठे धडकणं नाही. फक्त त्याने टॅब बाजेवर आडवा ठेवला होता, त्यामुळे अंगणाऐवजी मला वरचे पत्रे दिसत होते, आणि अधूनमधून त्या पत्र्यांच्या आड एक कपाळ यायचं. ठसठशीत कुंकू लावलेलं. कपाळ आलं की हळू आवाज यायचा, "डावीकडं घे. आता दाब. दाब की!"

"बाजूला कोण आहे?" मी विचारलं.

"कुनी न्हाई, सर."

कपाळ पुन्हा आलं.

"या कोण?"

"ही व्हय? ही आमची मंडळी." त्याला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "आमी एक कोयता हाव सर. मी तोडतो, ही मोळ्या बांधती. मुकादम एका कोयत्यात दोघं मोजतो. तुमी एकट्याचंच नाव कावून लिहिलं?"

टॅबवर त्याला दिसणारा फड त्याच्या बायकोलाही दिसत होता, आणि ती त्याला सांगत होती. ज्यांनी उभं आयुष्य जोडीनं काम केलं, त्यांना आमच्या ॲपने एकेकटं बसवलं होतं. मी वहीत लिहिलं: 'जोडीने वापरतात. विचार करावा.' आणि त्या लख्ख कामाची वेळ जशी होती तशी तक्त्यात भरली. परीक्षा नव्हतीच, मग कॉपी कसली?

बारावी होती ती. पस्तिशीची, लग्न झाल्यापासून दर हंगामाला तोडीला जाणारी. टॅब तिने माठाला टेकवून नीट उभा केला होता. चष्मा हातात घेऊन तिने आधी मलाच प्रश्न केला.

"सर, ही परीक्षा हाय का?"

मी माझं वाक्य म्हटलं.

"तसं न्हाई. खरं सांगा. परीक्षा असंल तर मी गप बसून करते. नसंल तर बोलते. मला त्या मशीनवर बसायचं हाय. सोळा वर्सं वाकून काम केलं, आता मला बसून काम करायचंय. म्हनून इचारते."

"परीक्षा नाही," मी म्हणालो. "बिनधास्त बोला."

ती बोलली. माझ्या अकरा वर्षांत तसं कुणी बोललं नव्हतं.

"ह्यो ऊस कुठला वो? पोलीस भरतीला उभा केल्यावानी? आमच्याकडं ऊस आडवा पडतो, गुतपाळा हुतो. ह्या मशीनला पडका ऊस येतो का तोडाया? ते शिकवा." थोडं पुढे जाऊन, "सरी दिसंना. पाट दिसंना. ठिबकची नळी कुठंय? पयल्याच फेरीत नळी कापली तर मालक खाली वडून मारील." मी लिहीत होतो. बोटं दुखेपर्यंत लिहीत होतो.

मध्येच तिचे सासरे अंगणात आले. तिने झटकन पदर ओढला, डोक्यावरून, चष्म्यावरून, पार हनुवटीपर्यंत. चष्म्याच्या पुढच्या कॅमेऱ्यांवर पदर आला आणि फड गडप झाला.

"अंधार झाला, सर. 'पुरेसा उजेड नाही, दिवा लावा' असं लिवलंय. भर दुपारी!"

"पदर थोडा..." एवढं बोलून मी थांबलो. मदत करायची नसते.

"मामंजी गेले का, तेवढं सांगा. मला दिसंना."

अर्ध्या पडद्यावर मला अंगण दिसत होतं. सासऱ्यांनी माठातून पाणी घेतलं, टॅबमध्ये वाकून माझ्याकडे बघितलं, मिशा पुसल्या आणि गेले. "गेले," मी म्हणालो. केजमध्ये बसून नांदूरघाटच्या सासऱ्यांवर नजर ठेवणं माझ्या कामाच्या वर्णनात कुठे बसतं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग ती फडाच्या टोकाला पोचली. यंत्र मागे घेऊन वळवायचं होतं. तिने दांडी सोडली, खुर्चीवरून उठली आणि दोन पावलं चालली. हद्द ओलांडताच फड विझला, चष्म्यात तिचं स्वतःचंच अंगण करडं होऊन आलं आणि वर अक्षरं आली: 'सीटवर परत या.' तक्त्यात आपोआप एक चूक पडली. ती परत बसली, पुढच्या टोकाला पुन्हा उठली. पुन्हा चूक. चार टोकं, चार चुका.

"का उठलात?" मी विचारलं.

"मागं बघाया."

"मागे काय आहे?"

"लेकरं," ती म्हणाली. मला एवढंही कळत नाही याची तिला दया आली असावी. "बांधाला पाचटावर लेकरं झोपवलेली असत्यात वो. माझी दोनी तिथंच वाढली. झोपेत लोळत येतं लेकरू. मशीन मागं घ्यायच्या आधी उतरून बघाया नको? तुमच्या मशीनला उतरायची सोयच न्हाई."

मी लिहिलं: 'मागे बघण्याची सोय नाही.' त्याखाली दोन रेघा ओढल्या. अहवालात ते पहिल्या पानावर टाकलं, पडका ऊस आणि पाट दुसऱ्या. मॅनेजरचा फोन आला, "काय भारी सापडलंय रे! मी वरच्यांना दाखवतोय." मला बरं वाटलं. बरं वाटलं हे लिहायला आज लाज वाटते, पण वाटलं होतं.

आमच्या तक्त्यात नावं नसतात, नुसते क्रमांक असतात. कुठला क्रमांक कोणाचा याची यादी माझ्याकडे वेगळी असते आणि ती कुणाला द्यायची नाही असा नियम आहे. दोन दिवसांनी मॅनेजरने ती मागितली. "प्रमाणपत्रं छापायचीत. प्रत्येकाचं नाव सोनेरी अक्षरात. नेत्यांची सही." मला हसू आलं. शेळीच्या हद्दीत बसलेल्या माणसालाही सोनेरी अक्षरं मिळणार होती. हसता हसता यादी पाठवून दिली.

पंधरा दिवसांनी निवड झालेल्यांची यादी निघाली. वर तो कपाळवाला गडी. नंतर गप बसून काम केलेले सगळे. ती नव्हती. तिचा नंबर शेवटचा लागला होता: वेळ सर्वांत जास्त, चुका सर्वांत जास्त.

मी मॅनेजरला फोन लावला.

"हा माझा तक्ता आहे," मी म्हणालो.

"हो ना. कारखान्याला निवड पटकन हवी होती. मुलाखती घ्यायला वेळ कुणाकडे आहे? डेटा आपल्याकडे तयारच होता."

"तो माणसांचा डेटा नव्हता. ॲपचा होता. चुका ॲपच्या होत्या."

"अरे, वेळ वेळ असते."

"ती बोलत होती म्हणून वेळ लागला. मी बोला म्हणालो म्हणून ती बोलली. आणि जे पहिल्या पानावर भारी म्हणून दाखवलंस, त्याच्याच चार चुका तिच्या नावावर आहेत."

"ते खूपच इंटरेस्टिंग आहे," तो म्हणाला. "पुढच्या आवृत्तीत घेऊ."

मी जीपने नांदूरघाटला गेलो. दुरून बघायचं ठरलेलं घर पहिल्यांदा जवळून बघितलं. माठ तोच, बाज तीच. तिचा नवरा कोयत्याला धार लावत होता. हंगाम आला होता. ती आतून बाहेर आली, मला ओळखायला तिला एक क्षण लागला. तिने मला फक्त ऐकलं होतं.

"मी म्हनलो व्हतो तिला, गप बस," नवरा मान वर न करता म्हणाला. "पर ही कलेक्टरलाबी शानपन शिकवील."

"तुमी धार लावा," ती त्याला म्हणाली. मग आत जाऊन प्रमाणपत्र घेऊन आली. जाड कागद, वेलबुट्टी, सोनेरी नाव, 'उत्कृष्ट सहभाग'. "सर, हे पास झाल्याचं हाय का नापास झाल्याचं?"

मी ते उलटून मागची कोरी बाजू बघितली.

"त्या टेजवरचा मानूस म्हनला, परीक्षा हाय. तुमी म्हनले, न्हाई. तो तर सगळ्यांस्नी खोटं बोलतो, म्हनून मी तुमचं धरलं." ती रागावलेली नव्हती. हिशेब कुठे चुकला ते शोधावं तसं बोलत होती. "आता परत वाकायचं."

तिने चहा दिला. तो मी प्यायलो, कारण न पिणं त्याहून वाईट झालं असतं.

परतताना जीपमध्ये मी एकच गोष्ट करत होतो: रस्ता शोधत होतो. पहिल्या नंबराचं काम दोघांनी केलं होतं, हे एका ओळीत लिहिलं असतं तर तो गडी खाली आला असता. ती ओळ मी लिहिली नाही. ते दोघं त्यांच्या रीतीने प्रामाणिकच होते. मग पदर आठवला. चष्म्याचे कॅमेरे झाकले गेले होते, फड गडप झाला होता. मी कंपनीला अर्ज लिहिला: तांत्रिक अडथळ्यामुळे बारावी चाचणी अवैध, पुन्हा घ्यावी. लेकरांच्या कारणाने जे हललं नाही ते कॅमेऱ्याच्या कारणाने एका दिवसात हललं. दुसरी छोटी यादी निघणार होती, तिच्यात एक जागा होती.

पुन्हा पेटी गेली. पुन्हा मी केजला, ती अंगणात. या वेळी तिने सासऱ्यांना आधीच देवळात पाठवलं होतं.

"बोला सर. आता गप बसू का बोलू?"

माझं वाक्य ओठांवर आलं होतं. ते गिळलं. "ही परीक्षा आहे," मी म्हणालो. "गप बसा. आणि खुर्चीवरून उठू नका."

"मागं न्हाई बघायचं?"

"नाही."

तिने पदर कमरेला खोचला. मग चष्मा चढवला. पडद्यावर तो सरळसोट ऊस सुरू झाला आणि ती चालवत गेली, एक शब्द न बोलता. पहिल्या टोकाला यंत्र थांबलं. तिचा हात दांडीवर होता. पडद्यावरचा फड हळूहळू फिरला, म्हणजे ती मान वळवून खुर्चीतूनच मागे बघत होती. मागे आमच्या चित्रकाराने नुसता हिरवा रंग ओतलेला होता, तिथे बांधही नव्हता. मान परत पुढे आली आणि यंत्र मागे गेलं. चारही टोकांना तसंच. चुका शून्य. अकरा वर्षांत मी इतकं निर्दोष आणि इतकं निरुपयोगी काम बघितलं नव्हतं.

चष्मा काढून तिने कपाळावरचा घाम पुसला आणि माठाला टेकलेल्या टॅबकडे, म्हणजे माझ्याकडे बघितलं.

"झालं का पास?"

"बहुतेक."

"मग आयका. मी खऱ्या मशीनवर बसले, की उतरून बघनार हाय. दर टोकाला. तिथं काय तुमचा चष्मा नसतो."

रेकॉर्डिंग चालू होतं. पुण्याला पाठवण्याआधी तेवढा तुकडा मी कापला.

दुसऱ्या यादीत ती आली. ॲप आहे तसंच प्रशिक्षणाला लागलं, ऊस सरळ, मागे हिरवा रंग. माझ्या अहवालाचं पहिलं पान कुठल्याशा सभेत अजून दाखवतात, असं मॅनेजर अभिमानाने सांगतो. परवा त्याने नवं काम पाठवलं, दूध डेअरीचं. चाचणीच्या कागदावर सर्वांत वर तेच वाक्य छापलेलं होतं. मी ते पेनने खोडलं आणि त्याला फोन करून आधी विचारलं, हा तक्ता शेवटी कुणाच्या टेबलावर जाणार आहे.

तो म्हणाला, "बघून सांगतो."

अजून सांगितलेलं नाही. तोवर चाचणीची पेटी माझ्या खोलीतच आहे.